उंबऱ्यावरचा निरीक्षक : रेडिओ-टीव्हीच्या लायसनचा विसरलेला इतिहास

दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर एक छायाचित्र फिरू लागते. पिवळी पडलेली परवाना पुस्तिका, आत चिकटवलेली शुल्काची तिकिटे आणि त्यांवर टपाल कार्यालयाचे गोल शिक्के. खालचा मजकूरही ठरलेला असतो : एके काळी रेडिओ ऐकायलासुद्धा लायसन लागत असे, लोक निमूटपणे रांगेत उभे राहून पैसे भरत, तेव्हा माणसांना शिस्त होती. अलीकडे या हळहळीला एक शेपूटही जोडले जाते. ब्रिटनसारखे वार्षिक शुल्क आपल्याकडे पुन्हा लागू करावे, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या मुठीतून सुटतील.

हा धागा या दोन्ही म्हणण्यांच्या विरोधात आहे. लायसनची वसुली घराच्या उंबऱ्यावर होत असे, आणि उंबऱ्यावर केलेली कोणतीही वसुली अखेर दिवसा घरात असणाऱ्या माणसावर येऊन पडते. शेतावर, दुकानात, कचेरीत गेलेला कर्ता पुरुष निरीक्षकाला भेटत नाही. भेटते ती ओसरीवर बसलेली म्हातारी. म्हणून या पद्धतीचा न्यायनिवाडा करायचा तर वृद्धांपासूनच सुरुवात करावी लागते.

इतिहास पाहण्यासाठी तुळजापूर हे ठिकाण सोयीचे आहे, कारण या गावाने एका आयुष्याच्या अवधीत दोन राज्यांचा रेडिओ पाहिला. सोलापूर येथून अवघे ४५ किलोमीटर, पण १९४७ पर्यंत सोलापूर ब्रिटिश मुलखात आणि तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा मुळात फक्त ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. संस्थानाचे केंद्र निराळे : हैदराबादचे डेक्कन रेडिओ, १९३५ पासून निजाम सरकारच्या ताब्यात. सोलापुरात ज्या कायद्याखाली रेडिओ बाळगायचा, तो कायदा घाट चढून तुळजापुरात येईपर्यंत संपलेला असे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या. पहिली झुंज याच तालुक्यातील नळदुर्गाजवळ झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. तुळजापुरात हैदराबादचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले व शरण आले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली ती रेडिओवरून. मराठवाड्याच्या मुक्तीची बातमी ज्या यंत्रातून आली, ते यंत्र बाळगणे हा पुढे त्याच मराठवाड्यात परवान्याचा विषय झाला. १ एप्रिल १९५० रोजी डेक्कन रेडिओ भारत सरकारकडे गेला, आणि केंद्राचा परवाना कायदाही या मुलखात लागू झाला.

तो कायदा जन्माला कसा आला, हे 'शिस्तीच्या दिवसां'च्या आठवणी काढणाऱ्यांनी अवश्य पाहावे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला १० रुपये भरायचे आणि त्यांतले ८ कंपनीला मिळायचे, अशी व्यवस्था होती. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. परवाने काही हजारांच्या पुढे गेले नाहीत, कारण पुष्कळ श्रोते परवाना न काढताच ऐकत होते. म्हणजे त्या सुवर्णयुगातले लोक, जे मुख्यतः साहेब, वकील आणि सावकार होते, निमूटपणे पैसे भरत नव्हते. रेडिओ परवडणारा वर्ग १० रुपये चुकवत होता. त्यावर सरकारने काढलेला उपाय म्हणजे १९३३ चा कायदा. परवान्याशिवाय यंत्र नुसते जवळ असणे हाच त्याने गुन्हा ठरवला. यंत्र लावले की नाही, ऐकले की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

कायदा छोटा आहे. चहा निवेपर्यंत वाचून होतो. तिसऱ्या कलमाने बंदी घातली. सहाव्याने दंड सांगितला : पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला २५० रुपयांपर्यंत, शिवाय यंत्र जप्त करायचे की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. सातव्याने अधिकाऱ्याला घराची झडती घेऊन यंत्र ताब्यात घेण्याची मुभा दिली. या सगळ्यांच्या मधोमध सहाव्या कलमातच एक वाक्य आहे आणि खरी मेख तिथे आहे. यंत्र ज्याच्या वरकरणी ताब्यात दिसते, किंवा ज्याच्या प्रत्यक्ष नियंत्रणातील जागेत ते आहे, त्याच्याच मालकीत ते आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते.

'वरकरणी ताब्यात' या शब्दांवर क्षणभर थांबावे. तुळजापूर तालुक्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. रेडिओ आणला मुलाने, सोलापूरच्या गिरणीतल्या पगारातून. मुलगा आठवडाभर सोलापुरात. घर म्हाताऱ्या आईच्या नावावर, रेडिओ तिच्या उशाशी. सकाळची भजने तीच ऐकते, बाजारभावही तीच ऐकते, कारण हरभरा कधी विकायचा हे घरात तीच ठरवते. कायद्याच्या भाषेत यंत्र 'वरकरणी' कोणाच्या ताब्यात आहे? तिच्याच. पुस्तिका कुठे ठेवली आहे, यंदाचे तिकीट चिकटवले आहे की नाही, हे ठाऊक असते मुलाला; उत्तर द्यायचे असते तिने. तिला अक्षरओळख आहे की नाही, याच्याशी कलमाला कर्तव्य नाही.

हे उदाहरण कल्पित आहे, पण कायद्याचा रोख कल्पित नाही. घरमालकावर गृहीतक लादणारा कोणताही कायदा वयाच्या उतरंडीने वरच्या माणसावर आधी पडतो, कारण आपल्याकडे घर, जमीन आणि शिधापत्रिका थोरल्यांच्या नावावर असतात. विशेष म्हणजे सुटकेची वाटही त्याच कायद्यात होती. चौथ्या कलमाने केंद्र सरकारला एखाद्या व्यक्तीला किंवा व्यक्तींच्या एखाद्या सबंध वर्गाला नियम करून या कायद्यातून वगळण्याचा अधिकार दिला होता. वृद्ध हाही एक वर्गच. तेव्हा 'कायदा सर्वांना सारखा, त्याला इलाज काय' हे समर्थन १९३३ च्या कायद्यापुरते तरी टिकत नाही. इलाज त्याच कागदावर छापलेला होता.

वसुलीचे काम टपाल खात्याकडे होते. सत्तरच्या दशकात रेडिओचे शुल्क वर्षाला १५ रुपये आणि दूरचित्रवाणी संचाचे ५० रुपये होते. दरवर्षी टपाल कार्यालयात जायचे, पुस्तिका पुढे करायची, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. घरोघरी आणि दुकानोदुकानी फिरून पुस्तिका तपासण्याचा, दंड करण्याचा आणि प्रसंगी संच उचलून नेण्याचा अधिकार निरीक्षकाला होता. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हा फेरा एका दुपारचा. पण अणदूर, काटी, सावरगाव अशा ठिकाणच्या माणसाला, त्यातही गुडघे धरलेल्या माणसाला, १५ रुपयांपेक्षा त्या शिक्क्याची किंमत अधिक पडत असणार. छायाचित्रातला गोल शिक्का सुंदर दिसतो. त्यासाठी केलेली पायपीट छायाचित्रात येत नाही.

खेड्यात रेडिओ पोहोचवण्याचा दुसरा रस्ता तेव्हाही ठाऊक होता, हे येथे नमूद करणे भाग आहे. १९५६ च्या आरंभी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवली. लोक एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि प्रश्न केंद्राला कळवत. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. (याच संस्थेने पुढे १९८६ मध्ये तुळजापुरात ग्रामीण केंद्र उघडले.) मराठवाडा त्या पाच जिल्ह्यांत नव्हता आणि तेव्हा असूही शकत नव्हता, तो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. वीस वर्षांनी हाच धडा दूरचित्रवाणीने गिरवला. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह प्रयोगात देशातील २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले, आणि त्यांत उमरग्याच्या सीमेला लागलेल्या तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातील गावेही होती. तेथील म्हातारीकोतारी माणसे शाळेपुढच्या पटांगणात बसून टीव्ही पाहत होती. संच 'वरकरणी' त्यांच्यापैकी कोणाच्याच ताब्यात नव्हता.

आता पैशाकडे वळू. लायसनचे समर्थक सांगतात की श्रोत्याने थेट पैसे दिले की प्रसारक श्रोत्याला बांधील राहतो. भारतात हे कधीच घडले नाही. आकाशवाणी हे सरकारचे खाते होते आणि दूरदर्शनही. शुल्क सरकारी तिजोरीत जात होते. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधानांनी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरूनच केली. त्यानंतरचे एकोणीस-वीस महिने श्रोत्याने ऐकले ते चाळणीतून गाळलेले वृत्त, आणि १५ रुपये भरायचे ते भरायचेच होते. परवान्याने स्वातंत्र्य विकत घेता येते असे मानणाऱ्यांनी त्या दोन वर्षांच्या पुस्तिकेवरील शिक्के काढून पाहावेत. ते दरवर्षीसारखेच गोल आहेत.

दरम्यान दोन गोष्टींनी या पद्धतीखालची जमीन सरकली. पहिली ट्रान्झिस्टर. भिंतीवर तार बांधून बसवलेला भला थोरला रेडिओ शेजाऱ्यांना दिसत असे. बैलगाडीच्या जुवाला लटकणारा, गुराख्याच्या खांद्यावरचा ट्रान्झिस्टर कोण मोजणार? दुसरी जाहिरात. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपुरात जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, १९८४ मध्ये 'हम लोग' आले, आणि साबण-चहावाल्यांचा पैसा घराघरांतून गोळा केलेल्या नोटांपेक्षा सोपा ठरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने रेडिओ व टीव्हीचे परवाने बंद केले. सभा भरली नाही, कोणी हारतुरे घातले नाहीत. स्वतंत्र भारताने वृद्धांच्या दारातून मागे घेतलेला एक हात इतका निःशब्दपणे गेला, की चाळीस वर्षांनी लोक त्याच हाताची आठवण काढून उसासे टाकतात.

तो मागे घेतला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. ब्रिटनने ते देऊन ठेवले आहे. तेथे १९२२ पासून परवाना आहे. आरंभी रेडिओला १० शिलिंग, १९४६ पासून टीव्हीला २ पौंड. तेथेही वृद्धांचा प्रश्न उभा राहिला, आणि नोव्हेंबर २००० पासून ७५ वर्षांवरील सर्वांना परवाना विनामूल्य झाला. खर्च सरकारने उचलला. पुढे २०१५ मध्ये सरकारने काखा वर करून ते ओझे बीबीसीच्या गळ्यात बांधले. बीबीसीने हिशेब मांडला : सवलत तशीच ठेवली तर वर्षाला सुमारे ७४.५ कोटी पौंड, म्हणजे उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जाईल आणि वाहिन्याच बंद कराव्या लागतील. हिशेब खोटा नव्हता. त्यातून निघालेला निर्णय मात्र असा, की १ ऑगस्ट २०२० पासून केवळ 'पेन्शन क्रेडिट' घेणाऱ्या गरीब वृद्धांनाच सूट, बाकीच्यांनी वर्षाला १५७.५० पौंड भरावेत. ३० लाखांहून अधिक घरांना पुन्हा पैसे भरण्याची पत्रे गेली.

गरिबांना सूट तर राहिली, मग बिघडले कुठे? पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्या घरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घरे त्यासाठी अर्जच करत नव्हती. अर्ज किचकट, वय झालेले, आणि हात पसरण्याची लाज. आपल्याकडे श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. सर्वात गरजू माणूसच कागदावर सर्वात उशिरा येतो. त्याच्या नावावर सूट आहे, पण सूट मिळाल्याचा कागद नाही. आणि कागद नाही म्हणून तो कायद्याच्या नजरेत थकबाकीदार.

थकबाकीचा अर्थ तेथे गंभीर आहे. परवान्याविना टीव्ही पाहणे हा ब्रिटनमध्ये फौजदारी गुन्हा आहे आणि दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. असे खटले बहुधा एकाच दंडाधिकाऱ्यापुढे, केवळ कागदांवर, आरोपीला न पाहता निकाली निघतात. ज्या म्हाताऱ्या माणसाने पाकीटच उघडले नाही, त्याची बाजू तेथे पोहोचत नाही. या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण वर्षानुवर्षे सत्तर टक्क्यांच्या वर राहिले आहे. बीबीसीने त्याची कारणे तपासली तेव्हा निघालेल्या कारणांपैकी एक अगदी साधे होते : निरीक्षक येतो तेव्हा घरात असते आणि दार उघडते ती बहुधा बाईच. १९३३ च्या कायद्यातील 'वरकरणी ताबा' हाच. भाषा तेवढी बदलली.

तारीखही ध्यानात घ्यावी. १ ऑगस्ट २०२०. जगभर वृद्धांना घराबाहेर पडू नका असे बजावले जात होते. तुळजापुरात भवानीचे मंदिर बंद होते. त्या ऑक्टोबरातले नवरात्र भाविकांविना पार पडले आणि १६ नोव्हेंबरला राज्यातील मंदिरांची दारे उघडली. जी माणसे हयातभर आश्विनात पायी तुळजापूरला आली होती, त्यांनी त्या वर्षी देवीचे दर्शन पडद्यावर घेतले. त्याआधी, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि ते पाहणाऱ्या आजी-आजोबांना परवाना पुस्तिका कोणी मागितली नाही. ज्या ऋतूत टीव्ही ही म्हाताऱ्या माणसाची एकुलती खिडकी होती, त्याच ऋतूत ब्रिटनने त्या खिडकीवर पुन्हा शुल्क बसवले. आजचे समर्थक ज्याला आदर्श म्हणून दाखवतात, तो हा देश.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. लायसन गेले, प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, १९९७ मध्ये तो अमलात आला, आणि तरीही प्रसारभारती पैशासाठी सरकारच्याच तोंडाकडे पाहते. ज्याचा दाणा त्याची चाकरी, हे खरेच. पण त्यावरचा उपाय उंबऱ्यावर नाही. सरकारने द्यायचा निधी संसदेने अनेक वर्षांसाठी कायद्याने बांधून देता येतो. तो सर्वसाधारण करांतून आला की ज्याची कमाई जास्त त्याच्यावर भार जास्त पडतो. परवान्याचे ५० रुपये मात्र जमीनदाराला ५० आणि निराधार विधवेलाही ५०. फ्रान्सने २०२२ मध्ये आपले टीव्ही शुल्क रद्द केले आणि सार्वजनिक वाहिन्यांचा खर्च कराच्या पैशातून उचलला. तेथेही स्वायत्ततेची चिंता व्यक्त झाली आणि ती रास्त होती, पण त्यासाठी कोणा म्हातारीच्या दारावर थाप पडली नाही.

'वृद्धांना वगळून शुल्क लावू' हा तडजोडीचा प्रस्तावही दिसतो तितका सोपा नाही. सगळ्या वृद्धांना वगळले तर उत्पन्नाला एवढे मोठे भोक पडते की ब्रिटनप्रमाणे वीस वर्षांत सवलतच गिळली जाते. फक्त गरीब वृद्धांना वगळले तर कागदांची चाळण लागते आणि तिच्यातून नेमका गरीबच खाली पडतो. आणि ज्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात त्या घरातला टीव्ही वृद्धाचा की नातवाचा, हे कोण आणि कशावरून ठरवणार? पुन्हा 'वरकरणी ताबा' आलाच.

शिवाय शुल्क आज नाही, असे तरी कुठे आहे? केबलच्या डिजिटलीकरणात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. तुळजापूरसारखी नगरपालिकेची गावे तिसऱ्या टप्प्यात आली आणि भोवतालची खेडी चौथ्या. २०१९ च्या फेब्रुवारीपासून वाहिन्यांच्या किमतीखेरीज नुसत्या जोडणीसाठी महिन्याला १३० रुपयांपर्यंत आणि वर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आकारण्याची मुभा मिळाली. वर्षाचे हे १,८४० रुपये होतात. दूरदर्शनच्या जमिनीवरच्या जुन्या ॲनालॉग क्षेपकांपैकी बहुतेक गेल्या काही वर्षांत बंद झाले, तेव्हा छपरावरच्या काड्यांच्या अँटेनावर भागवणाऱ्यांचीही सोय गेली. मात्र या व्यवस्थेत पैसे थकले तर पडदा काळा होतो. समन्स येत नाही. आणि मासिक शुल्क न घेणारी दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून उपलब्ध आहे. तबकडी आणि बॉक्स एकदाच विकत घ्यावे लागतात. वृद्धांसाठी ज्यांना खरोखर काही मागायचे असेल, त्यांनी निराधार योजनेच्या प्रत्येक लाभार्थ्याच्या घरी ती तबकडी सरकारी खर्चाने बसवून मागावी. नवा अर्ज नको. नावे तहसीलदारांच्या यादीत आधीच आहेत.

१९३३ चा तो कायदा, परवाने बंद झाल्यानंतरही, दशकानुदशके पुस्तकात तसाच राहिला होता. डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या तार कायद्याबरोबर तो रद्द करण्याची तरतूद केली. सहाव्या कलमातले ते गृहीतक नव्वद वर्षांचे झाले होते.